परदेशांतील एक सत्र : अभ्यासाची आखणी व भार



घरांतल्या मुलाची किंवा मुलीची विद्यार्थी-विनिमयासाठीं निवड झाली, आतां एक सत्र परदेशांतील विद्यापीठांत जाणार, अशी बातमी आली म्हणजे घरांत चर्चा सुरू होते ती विमानाच्या भाड्याची, थंडीच्या कपड्यांची आणि जेवणखाणाची. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या याद्या होतात. तेथें जाऊन कोणते विषय शिकावयाचे, किती शिकावयाचे, आणि परत आल्यावर त्यांतले किती आपलें विद्यापीठ मानणार, हा प्रश्न मात्र बहुधा मागें राहतो. "तें तेथें गेल्यावर पाहतां येईल," असें म्हणून तो बाजूस सारला जातो. आजच्या भाषणांत मी याच प्रश्नाचा विचार करणार आहें. खर्च थोडा अधिक झाला तर तो पुढें भरून काढतां येतो. पण आखणी चुकल्यामुळें पदवीचें एक सत्र मागें पडलें, तर तो वेळ कोणी परत देत नाहीं.

विनिमय म्हणजे काय, हें प्रथम नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. संपूर्ण पदवीसाठीं जो परदेशीं जातो, तो तेथल्या विद्यापीठाचा विद्यार्थी होतो आणि तेथलीच पदवी घेऊन येतो. विनिमयांतील विद्यार्थ्याचें तसें नसतें. दोन विद्यापीठांमध्यें करार झालेला असतो. त्या करारानें तो एक-दोन सत्रांपुरता पाहुणा म्हणून जातो. तेथली शिकवण्याची फी बहुतेक करारांत माफ असते. राहण्याजेवण्याचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा असतो. पदवी मात्र येथलीच मिळावयाची असते. म्हणून तेथें शिकलेली विद्या येथल्या पदवीच्या हिशेबांत बसली पाहिजे. साऱ्या आखणीचें मूळ या एका गोष्टींत आहे.

एक उदाहरण घेऊं. बुलढाणा जिल्ह्यांत, सिंदखेडराजा तालुक्यांत, साखरखेर्डा हें गांव आहे. १७२४ सालीं निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यांत जी लढाई झाली, तिच्यामुळें इतिहासाच्या पुस्तकांत तें नांव आढळतें. आज तो सोयाबीन, कापूस आणि तूर पिकविणारा मुलूख आहे. समजा, या गांवचा एक विद्यार्थी पुण्यास अभियांत्रिकी शिकत आहे, आणि जर्मनींतील एका विद्यापीठांत एका सत्रासाठीं त्याची निवड झाली आहे. त्याचे वडील शेतकरी आहेत. पेरणीपूर्वीं ते काय करतात? बाजारांत कोणतें नवें बियाणें आलें आहे, हें ते आधीं पाहत नाहींत. आपली जमीन किती, पाणी किती, हाताशीं माणसें किती, आणि रब्बीसाठीं रान केव्हां मोकळें व्हावयास पाहिजे, हें आधीं पाहतात. बियाणें मग ठरतें. त्यांच्या मुलानेंहि हाच क्रम ठेवावा. परदेशी विद्यापीठाची विषयांची भली मोठी यादी म्हणजे बियाण्याचा बाजार. ती शेवटीं उघडावी.

पहिलें काम घरचें. ज्या सत्रांत तो जाणार, त्या सत्रांत येथें कोणते विषय आवश्यक आहेत आणि कोणते ऐच्छिक आहेत, हें कागदावर मांडावें. ऐच्छिक विषयाच्या जागीं परदेशांतील विषय बसविणें त्या मानानें सोपें असतें. आवश्यक विषयाचें तसें नाहीं. त्याच्या जोडीचा विषय तेथें आहे कीं नाहीं, हें नांवावरून कळत नाहीं, नांवें फसवितात. 'सांख्यिकी' या एकाच नांवाखालीं एका ठिकाणीं नुसतें सरासरी व आलेखांचें गणित असेल, तर दुसऱ्या ठिकाणीं संभाव्यतेचा कठीण सिद्धांत असेल. एके ठिकाणीं प्रयोगशाळेचे तास त्यांतच धरलेले असतील, दुसरीकडे तो वेगळा विषय असेल. म्हणून विषयाचा संपूर्ण अभ्यासक्रम, धडे, पुस्तकें व परीक्षेची पद्धति यांसह मागवून तो आपल्या विभागप्रमुखांपुढें ठेवावा आणि त्यांची लेखी संमति घ्यावी. जोडीचा विषय मिळत नसेल, तर तो आवश्यक विषय आधीं किंवा मागाहून घेतां येईल काय, हेंहि त्याच वेळीं विचारून ठेवावें.

दुसरी गोष्ट पंचांगाची. महाराष्ट्रांतील विद्यापीठांत पहिलें सत्र साधारणपणें जून-जुलैपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतें आणि दुसरें तेथून एप्रिल-मेपर्यंत. अमेरिकेंतील शरदांतलें सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यास संपतें; म्हणजे तें आपल्या पहिल्या सत्राशीं बरेंचसें जुळतें. जर्मनीचें तसें नाहीं. तेथें हिवाळी सत्र कागदोपत्रीं १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असें असतें. व्याख्यानें ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होतात, फेब्रुवारीच्या सुमारास संपतात, आणि परीक्षा त्यापुढें मार्चपर्यंतहि लांबतात. साखरखेर्ड्याच्या आपल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीनें याचा अर्थ काय होतो तो पाहा. येथल्या पहिल्या सत्राची परीक्षा होण्यापूर्वींच त्याला निघावें लागतें. आणि तो परत येईपर्यंत येथलें दुसरें सत्र निम्मेंअधिक उलटून गेलेलें असतें. एक सत्र परदेशीं जाऊन दोन सत्रांना खिंडार पडतें. हें आधीं कळलें तर उपाय आहेत : कांहीं विषय जाण्यापूर्वीं पुरे करणें, कांहींची परीक्षा परत आल्यावर देण्याची सोय करून घेणें, किंवा पंचांग जुळणारें दुसरें विद्यापीठ निवडणें. विमानांत बसल्यावर यांतला एकहि उपाय हातीं राहत नाहीं.

तिसरी गोष्ट श्रेयांकांची, ज्यांना बोलतांना आपण क्रेडिट म्हणतों. पूर्वीं पेठेपेठेचा शेर निराळा असे. पुण्याचा शेर व वऱ्हाडचा शेर एक धरून चालणारा व्यापारी बुडत असे. श्रेयांकाचें तसेंच आहे. आपल्याकडे २०२३ सालच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणें वर्षास १२०० तासांचा अभ्यास व ४० श्रेयांक धरले आहेत. म्हणजे सत्रास २० श्रेयांक, आणि एका श्रेयांकास ३० तास. युरोपांतील पद्धतींत वर्षास ६० श्रेयांक असतात व त्यांसाठीं १५०० ते १८०० तास धरतात. म्हणजे सत्रास ३० श्रेयांक, आणि एका श्रेयांकास २५ ते ३० तास. ब्रिटनमध्यें वर्षास १२० श्रेयांक, व एकास १० तास. अमेरिकेंत सत्रास साधारणतः १५ श्रेयांक. एका श्रेयांकामागें आठवड्यास एक तास वर्गांत आणि दोन तास वर्गाबाहेर, असा हिशेब असतो.

आतां आपल्या विद्यार्थ्यानें मनाशीं म्हटलें कीं येथें सत्रास २० श्रेयांक लागतात, तर तेथेंहि २० घेतले म्हणजे झालें; तर काय होईल? त्याच्या विद्यापीठानें तासांच्या हिशेबानें मोजलें, तर त्याचें कदाचित् भागेल. कारण आपले ६०० तास म्हणजे युरोपचे २० ते २४ श्रेयांक होतात. पण विद्यापीठानें वर्षाच्या प्रमाणानें मोजलें, म्हणजे आपले ४० ते त्यांचे ६०, तर त्यांचे दीड श्रेयांक म्हणजे आपला एक होतो. आणि त्यानें कष्टानें मिळविलेल्या २० श्रेयांकांचे येथें तेराच्या थोडे वरच भरतात. सहा-सात श्रेयांक उणे पडले, म्हणजे जवळजवळ दोन विषय पुढच्या सत्रांत येथल्या नेहमींच्या ओझ्यावर चढले. या दोन्ही पद्धतींत चूक कोणतीहि नाहीं. कोणती लावावयाची तें आपलें विद्यापीठ ठरवितें. म्हणून "तुम्ही कोणत्या प्रमाणानें मोजणार?" हा एक प्रश्न जाण्यापूर्वीं लेखी विचारावा आणि त्याचें लेखी उत्तर जपून ठेवावें.

चौथी गोष्ट अभ्यासाच्या भाराची. हा भार विषयांच्या संख्येवरून मोजूं नये; तासांनीं मोजावा. युरोपांतले ३० श्रेयांक म्हणजे अधिकांत अधिक ९०० तास. व्याख्यानांचे व परीक्षांचे मिळून २० आठवडे धरले, तर आठवड्यास ४५ तास अभ्यास झाला. आठवड्याचे एकंदर तास १६८. त्यांतून झोपेचे ५६ वजा करा. स्वयंपाक, जेवण, धुणें, बाजारहाट यांस रोजचे ४ तास, म्हणजे २८ वजा करा. कारण तेथें हें सारें स्वतःच करावयाचें असतें. जाण्यायेण्याचे व कचेऱ्यांच्या कामाचे १० धरा. राहिले ७४. त्यांतून अभ्यासाचे ४५ गेले म्हणजे २९ उरतात. दिवसाला चार तासांच्या थोडे वर. व्यायाम, मैत्री, घरीं फोन, आजारपण, प्रवास, सारें एवढ्यांत. त्यांतच कोणी पैशासाठीं आठवड्यास १५ तास नोकरी धरली, तर दिवसाला दोनच तास राहतात. जर्मनींत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२४ पासून वर्षांत १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे; परंतु कायद्याची मुभा आणि अंगांतली शक्ति या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय परक्या भाषेंतील पुस्तक वाचावयास अधिक वेळ लागतो. पहिल्या दोन महिन्यांसाठीं वाचनाचा अंदाज दीडपट धरलेला बरा.

येथें एका फसगतीचा इशारा देणें जरूर आहे. आपल्या महाविद्यालयांत वेळापत्रक सकाळपासून सायंकाळपर्यंत भरलेलें असतें आणि स्वतःचा अभ्यास परीक्षा जवळ आल्यावर सुरू होतो. तेथें उलट असतें. वर्गाचे तास थोडे दिसतात. मधले दिवस मोकळे दिसतात. विषयापुढें लिहिलेले 'आठवड्याचे चार तास' हे नुसते वर्गांतले तास असतात. त्याच विषयाला श्रेयांक पांच-सहा असूं शकतात, आणि उरलेलें काम ग्रंथालयांत व खोलींत एकट्यानें करावयाचें असतें. तें कोणी विचारीत नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत विद्यार्थ्याला वाटतें कीं आपल्याजवळ वेळच वेळ आहे, आणि तो आणखी दोन विषय घेतो. नाताळच्या सुटीनंतर निबंध, प्रकल्प व परीक्षा एकदम समोर उभ्या राहतात. मोकळा दिसणारा वेळ मोकळा नसतो, तो आधींच कोणत्या तरी विषयाच्या नांवें लागलेला असतो, एवढें ध्यानांत ठेवलें तर ही फसगत टळते.

उलट, भार फार कमीहि करतां येत नाहीं. अमेरिकेंत विद्यार्थी-व्हिसावर असलेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यानें सत्रास साधारणतः किमान १२ श्रेयांक घ्यावेच लागतात. जड गेलेला विषय परस्पर सोडून तो या मर्यादेखालीं आला, तर त्याच्या व्हिसावर गदा येऊं शकते. विषय सोडावयाचाच झाला, तर आधीं तेथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीला विचारून मगच सोडावा.

ही चार गणितें झालीं म्हणजे विषयांची यादी उघडावी. तिचे तीन भाग करावेत. पहिला भाग, जे विषय पदवीसाठीं मोजले जाणार ते. दुसरा, जे येथें मिळतच नाहींत आणि ज्यांसाठीं तेथें जाण्यांत अर्थ आहे ते. एखाद्या प्रयोगशाळेंतलें काम, एखाद्या मोठ्या अध्यापकाचें चर्चासत्र. तिसरा, त्या देशाची भाषा. पहिल्या भागानें गरज भागवावी, दुसऱ्यांतून एक विषय घ्यावा, आणि तिसऱ्याला आठवड्यांतले थोडे तास निश्चित द्यावेत. याखेरीज एक-दोन विषय राखीव म्हणून आधींच मंजूर करून घ्यावेत. कारण तेथें गेल्यावर वर्ग भरलेला निघतो, दोन तासांच्या वेळा एकमेकींवर येतात, किंवा तो विषय फक्त उन्हाळ्यांतच शिकवितात असें कळतें.

परदेशीं विषय कसे निवडावेत, याचें महाराष्ट्राला ठाऊक असलेलें थोर उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें आहे. ते विनिमयाचे विद्यार्थी नव्हते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तीन वर्षांत त्यांनीं अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकीं १, असे अभ्यासक्रम घेतले. संख्या पाहून छाती दडपते. पण तिची रचना पाहावी. जवळजवळ निम्मे अभ्यासक्रम एकाच विषयाचे आहेत, आणि बाकीचे त्या विषयाला चहूंबाजूंनीं आधार देणारे आहेत. १९१६ सालीं ते लंडनला गेले. १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें काम अर्धें टाकून त्यांना परतावें लागलें. परंतु निघण्यापूर्वीं, पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९२० सालीं ते परत गेले आणि १९२३ सालीं लंडनची डी. एस्‌सी. पदवी त्यांनीं मिळविली. त्यांची बुद्धि व सोशिकता सर्वांना लाभणार नाहीं. पण अभ्यासाला एक मध्य असावा, आणि परवानगीचा कागद हातीं असल्यावांचून जागा सोडूं नये, हे दोन धडे कोणालाहि घेतां येण्यासारखे आहेत.

कागदांविषयीं आणखी थोडें सांगितलें पाहिजे. युरोपांत एरास्मस नांवाची विनिमय-योजना १९८७ सालीं सुरू झाली. तिच्या पद्धतींत अभ्यासाचा एक करार असतो, आणि त्यावर विद्यार्थी, पाठविणारें विद्यापीठ व घेणारें विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. आपली योजना कोणतीहि असो, असा करार करून घ्यावा. तेथें गेल्यावर विषय बदलला, तर सुरुवातीच्या कांहीं आठवड्यांतच करारांतहि बदल करून पुन्हा सह्या घ्याव्या. ही गोष्ट परत येण्याच्या वेळेसाठीं ठेवूं नये. जर्मन विद्यापीठांत वर्गाला बसणें वेगळें आणि परीक्षेस नांव नोंदविणें वेगळें. ती नोंदणी ठराविक मुदतींत केली नाहीं, तर सत्रभर केलेला अभ्यास श्रेयांकावांचून राहतो. तेथल्या गुणांची तऱ्हाहि उलटी आहे : १ हा सर्वोत्तम, ४ पर्यंत उत्तीर्ण, आणि ५ म्हणजे नापास. दहांपैकीं गुण मोजणाऱ्या आपल्या घरीं '१·३' असा आंकडा आला म्हणजे कोणी कपाळास हात लावूं नये. तो पेढे वांटण्याचा आंकडा आहे. मात्र त्याचें येथल्या गुणांत रूपांतर कसें होणार, हेंहि आधींच विचारलेलें असावें.

शेवटीं घरच्या मंडळींसाठीं दोन शब्द. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षीं, क्षयानें त्यांचा अंत झाला. आज प्रवास सुखाचा आहे आणि औषधें आहेत. तरीहि परकी थंडी, एकटेपणा, अपुरी झोप आणि अभ्यासाचें ओझें यांचा भार शरीरावर पडतोच, आणि मूल तो फोनवर सांगत नाहीं. घरच्यांनीं केलेला खर्च त्याला ठाऊक असतो. "फार होतें आहे" असें म्हणण्याची त्याला लाज वाटते. साखरखेर्ड्याच्या घरांतून पुण्याला व पुण्याहून जर्मनीला गेलेल्या मुलाला तर अधिकच वाटते. म्हणून "पहिला नंबर येईल ना?" असें विचारण्यापेक्षां "या आठवड्यांत झोप किती झाली? एखादा विषय सोडावासा वाटतो काय?" असें विचारावें. एक विषय वेळेवर सोडणें ही हार नव्हे; शेतकरीहि न उगवलेल्या तुकड्यावर सारा पाऊसकाळ घालवीत नाहीं.

तेव्हां जाण्यापूर्वीं चार महिने आधीं घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसावें आणि एका कागदावर चार उत्तरें लिहून काढावीं : पदवीला कोणते विषय लागतात, दोन्ही पंचांगें कोठें आदळतात, श्रेयांक कोणत्या प्रमाणानें मोजले जाणार, आणि आठवड्याचे तास कसे वांटले जाणार. हीं चार उत्तरें हातांत असलीं, म्हणजे विषयांची यादी खुशाल उघडावी. मग तिच्यांतला एखादा केवळ आवडीचा विषयहि घ्यावा. त्यासाठीं हिशेबांत जागा आहे कीं नाहीं, हें त्या वेळीं विद्यार्थ्याला ठाऊक असेल.